सामाईक भिंत आणि आपापले आकाश



 एका व्रतस्थ शिक्षकाच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, राज्यकारभार अशा थोर विषयांची चर्चा होत आली आहे. त्या परंपरेत घराच्या भिंती, छप्पर आणि माजघर हा विषय कुणाला किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या चार भिंतींत मनुष्याचे बाळपण जाते, ज्यांच्या आड त्याची आजारपणे निघतात आणि ज्यांच्या मालकीवरून सख्खे भाऊ दिवाणी कोर्टाची पायरी चढतात, त्या भिंती कशा उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्याला कसे वागायला शिकविले, याचा विचार समाजाच्या इतिहासात गौण ठरू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणून आज मी आपल्यापुढे ओळीतल्या घरांचा विषय मांडणार आहे. ज्यांच्या दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या, ज्यांना पुढचे आणि मागचे अशी दोनच तोंडे, आणि ज्यांना आपल्या शहरात लहानथोर सर्वजण ‘रो हाऊस’ म्हणतात, ती ही घरे.

आपल्या नवी मुंबईला इतिहास नाही, अशी एक समजूत येथे राहणाऱ्यांनीच रूढ केली आहे. १९६५ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकाच्या पानांतून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. ते वसविण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी मुक्रर झाली. आणि तेथून पुढे येथील काळ सुरू झाला, असे आपण मुलांना सांगतो. माहिती खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. त्या ९५ गावांना गावठाणे होती, गावठाणांत घरांच्या ओळी होत्या, आणि या क्षेत्राला अगदी लागून पनवेलचा जुना कसबा होता, ज्याची नगरपालिका १८५२ साली, म्हणजे मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच्या आदल्या वर्षी, स्थापन झाली. ओळीतल्या घराचा आपल्याकडचा वंशवृक्ष पाहावयाचा तर प्रारंभ पनवेलपासूनच केला पाहिजे.

१८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून गलबताने खाडीतून पनवेल गाठावे व तेथून गाडीने घाट चढून पुण्यास जावे, हा देशावरचा राजमार्ग ठरला. भाताचा व्यापार, बंदरावरची आवकजावक, गाड्यांची चाके घडविण्याचा धंदा आणि वाटसरूंची रहदारी यांनी बाजारपेठ भरभराटली. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली तेव्हा ही रहदारी ओसरली, हे खरे. पण तोवर पेठेचा आकार कायम झाला होता. बाजाराच्या रस्त्यावर तोंड असणे हीच व्यापाऱ्याची दौलत, आणि ते तोंड प्रत्येकालाच हवे. तेव्हा जमिनीच्या वाटण्या साहजिकच अरुंद आणि लांबट झाल्या. पुढे रस्ता, मागे परस, आणि दोन्ही बाजूंना शेजारी अशी ही घरे एकमेकांस टेकून उभी राहिली. त्यात काटकसरही होती, कारण एका भिंतीचा खर्च दोघांत वाटला जाई. आणि मजबुतीही होती, कारण ओळीतली प्रत्येक भिंत दुसरीला आधार देत असे.

अशा घराची रुंदी जुनी माणसे फुटांत सांगत नसत. घर दोन खणी आहे की तीन खणी, असे विचारीत. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, आणि ते लाकूड किती भार पेलते यावर ठरलेले. तेव्हा लाकडाच्या शक्तीनेच घराचे माप घालून दिले होते, असे म्हटले तरी चालेल. जोते काळ्या घडीव दगडाचे, त्यावर दगडी उथळे, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट, असा हा कडीपाटाचा सांगाडा एकदा उभा राहिला की घराचा बराचसा भार लाकूड पेली, आणि विटामातीच्या भिंती आडोशाचे व ऊन अडविण्याचे काम करीत. रस्त्याकडून आत निघालो की प्रथम ओटा, मग दुकान किंवा ओटी, तिच्यामागे माजघर, मग थोडी उघडी जागा, तिच्यापलीकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि शेवटी विहीर व परस. परका मनुष्य ओट्यावर बसे, ओळखीचा ओटीवर येई, आप्त माजघरात शिरे आणि स्वयंपाकघरापर्यंत फक्त घरचेच जात. एका सरळ रेषेत मांडलेल्या या खोल्यांतून सबंध समाजव्यवहाराची पायरीपायरीने आखणी झालेली होती. तिच्यात सौजन्य होते तसा सोवळ्याओवळ्याचा आणि जातिभेदाचा कठोर निर्बंधही होता, आणि जुन्या घराचा गौरव करताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही.

कोकणच्या पावसाने या घरांच्या छपराला जे रूप दिले त्याकडे आता वळू. सुटे घर चारही बाजूंना पागोळ्या गाळू शकते. ओळीतल्या घराला ती सोय नाही. दोन घरांच्या मध्ये छपराचा उतार आणला तर त्या खोबणीत पाणी साठून दोन्ही भिंती भिजणार, हे उघड आहे. म्हणून सबंध ओळीचे आढे रस्त्याला समांतर धरले गेले आणि छपराचे एक पाखे रस्त्याकडे व दुसरे परसाकडे उतरले. या एका निर्णयाने रस्त्याचे रूप घडले. समोरून पाहताना त्रिकोणी माथ्यांची रांग दिसत नाही. एकच लांब, उतरती, कौलारू ओळ दिसते, जिच्याखाली कुणाचे घर कुठे संपते हे दारे मोजल्यावाचून कळत नाही. आधी ही छपरे नळीच्या कौलांची असत; १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे चपटी, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले किनाऱ्याने वर सरकत आली. नळीच्या कौलांची दरसाल शाकारणी करावी लागे, आणि ओळीतल्या घराची शाकारणी कधी एकट्याची होत नसे; कारण आपल्या छपरावर चढलेल्या गड्याचा पाय शेजाऱ्याच्या कौलावर पडणारच. मृगापूर्वी एकाने माणसे लावली की दुसऱ्याने लावायची, हा प्रघात कोणत्याही लेखी कबुलायतीवाचून पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. एकाने टाळाटाळ केली तर आषाढात दोघांच्याही माजघरात पातेली मांडावी लागत.

छपराने पाण्याचा प्रश्न सोडविला. उजेडाचा प्रश्न त्याहून बिकट होता. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या दुपटी-अडीचपटीपलीकडे फारसा पोहोचत नाही. ओळीतल्या घराला उजेड दोनच टोकांनी. मग लांबलचक घराच्या मधल्या भागाचे काय करायचे? याचे उत्तर म्हणजे घराच्या पोटातला चौक. वाड्यातल्या ऐसपैस चौकाशी त्याची तुलना नको. पेठेतल्या घरात तो चारसहा पावलांचाच असे, पण त्या चारसहा पावलांवर घराचे आरोग्य अवलंबून असे. तेथून वरची तापलेली हवा निघून जाई आणि रस्त्याकडची व परसाकडची गार हवा आत ओढली जाई. तेथेच भांडी घासली जात, तेथेच वाळवणे पडत, तेथेच तुळशीवृंदावन असे. आणि जेथे चौकालाही जागा नव्हती तेथे कौलांच्या रांगेत एखादे काचकौल बसवीत.

हे काचकौल काय करते ते जुन्या घराच्या माजघरात उभे राहून पाहावे. उंबरठा ओलांडून आत आल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. नजर सरावली की भिंतीतले कोनाडे एकेक करून वर येतात: एक दिव्याचा, काजळीने काळा झालेला; एक पोथीचा; एक उंच, लहान मुलांच्या हाताला न लागणारा, औषधाच्या बाटल्यांचा. भिंतीच्या जाडीतच बसविलेले फडताळ असते, त्याची दारे इतकी चोख की मिटली असता वेगळी ओळखू येत नाहीत. खुंट्या खांबांतच ठोकलेल्या. तुळईला झोपाळ्याच्या दोन लोखंडी कड्या, आणि त्यांच्याखालची जमीन पायाच्या रेट्याने किंचित खोलगट झालेली. एका बाजूला भिंतीच्या पोटातून वर जाणारा उभा, अरुंद जिना, ज्याच्या माथ्यावरचे दार रात्री आडवे पाडून घेतले की माडी खालच्या घरापासून तुटते. पुढच्या दाराच्या मागे भिंतीत एक चौकोनी भोक असते. दिवसा त्यात अडसर सरकविलेला असतो, रात्री तो बाहेर ओढून पलीकडच्या भोकात बसवतात. आणि या सगळ्यावर वरून काचकौलाचा उजेडाचा पट्टा उतरलेला असतो, जो सकाळी एका भिंतीवर असतो तर तिसऱ्या प्रहरी समोरच्या. भिंतीची जाडी हेच या घराचे लाकूडसामान होते. आपण आज ज्याला फर्निचर म्हणतो त्याला या घरात जागा नव्हती, कारण घर बांधतानाच गवंड्याने आणि सुताराने त्याची तरतूद करून ठेवलेली असे.

ज्या भिंतीच्या पोटात एवढे सामावले, ती भिंत अनेकदा निम्मी शेजाऱ्याची असे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुने खरेदीखत उघडून चतुःसीमा वाचा. शेतजमिनीच्या दस्तात ओढा येतो, बांध येतो, सरकारी पड येते. ओळीतल्या घराच्या दस्तात दोन दिशांना रस्ता किंवा बोळ आणि उरलेल्या दोन दिशांना माणसांची नावे येतात. घराची हद्द तेथे एका मनुष्याने दुसऱ्याला दिलेल्या मान्यतेवर उभी असते. म्हणूनच सामाईक भिंत, सामाईक विहीर, पागोळ्यांचे पाणी कुणाच्या अंगणात पडायचे याची वहिवाट, या बाबी दस्तऐवजात तपशीलवार नमूद होत, आणि त्या मोडल्या तर दावे चालत. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने यांतील बऱ्याच रूढींना कायद्याचे अधिष्ठान दिले. वीस वर्षे अव्याहतपणे उपभोगलेल्या उजेडाचा आणि हवेचा हक्क त्याने मान्य केला. उजेड ही वस्तू वहिवाटीने मिळू शकते आणि शेजाऱ्याने ती हिरावून घेतली तर दाद मागता येते, हे तत्त्व ओळीतल्या घरात राहणाऱ्याला कोणत्याही वकिलावाचून ठाऊक होते.

हा अनुभव केवळ आपला नाही. १६६६ च्या आगीत लंडन शहर बेचिराख झाले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी तेथील पार्लमेंटने पुनर्बांधणीचा कायदा करून घरे विटांची असावीत, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे त्यांचे मजले असावेत आणि दोन घरांमधल्या भिंती अमुक जाडीच्या असाव्यात, असे ठरवून दिले. १७७४ च्या कायद्याने घरांच्या चार प्रती लावल्या. शेजाऱ्याच्या घरची आग आपल्याकडे येऊ नये म्हणून सामाईक भिंत छपराच्याही वर काढावी आणि खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीत आत सारून बसवाव्यात, असे नियम तेथे झाले. ज्या दर्शनी शोभेची आज वाखाणणी होते तिच्यातला मोठा वाटा या आगीच्या धास्तीचा आहे. बाथ शहरात १७६७ ते १७७४ या काळात धाकट्या जॉन वुडने चंद्रकोरीच्या आकाराच्या ओळीत ३० घरे अशी रचली की बाहेरून एकच राजवाडा वाटावा. आतली घरे मात्र प्रत्येकाने आपापल्या सोयीने बांधून घेतली. तेथे आगीने जे केले ते आपल्याकडे पावसाने केले. दोन्हीकडे सामाईक संकटातून सामाईक शिस्त जन्मली, आणि त्या शिस्तीला कालांतराने सौंदर्य म्हणून मान्यता मिळाली.

आपल्या खाडीकाठच्या गावठाणांत हीच शिस्त निराळ्या रूपात आढळते. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, गोठिवली या आगरी-कोळी गावांत पनवेलच्या सावकारी पेठेइतके लाकूड नव्हते, खांबांवरचे कोरीव हस्त नव्हते. पण गल्लीला तोंड करून एकमेकांस लागून उभी असलेली घरे होती. कोळ्याच्या घरात ओटी, तिच्यामागे वठाण म्हणून मोठी खोली, मग चूल आणि देव. आणि ओटीपुढे ओटा, ज्यावर जाळी विणली जात, मासळी निवडली जाई, लग्नाची बोलणी होत. हा ओटा अर्धा घराचा आणि अर्धा गावाचा होता. सिडकोने शेते व मिठागरे संपादन केली, गावठाणे जागच्या जागी राहिली. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हे सारे आपण जाणता. मात्र शेत गेल्यावर वाढत्या कुटुंबाला गावठाणातल्या घरावरच मजले चढवावे लागले, आणि गल्लीवरचे आकाश अरुंद होत गेले, हा या इतिहासाचा वास्तूवर उमटलेला भाग क्वचितच बोलला जातो.

आता सिडकोच्या घरांकडे येऊ. पहिल्या दशकांत वाशीपासून नेरुळपर्यंत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बैठ्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या, आणि १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने ऐरोलीसारख्या ठिकाणी लहान लहान भूखंड आखून देऊन त्यांवर लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवावे, अशी योजना राबविली गेली. या घरांना इतिहासाचा मान अद्याप कुणी दिलेला नाही. तो द्यावयाची वेळ आली आहे, कारण त्यांतील पहिल्या पिढीची घरे आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. त्यांचे अंतरंग अगदी साधे होते. पुढे दोन पायऱ्यांचा ओटा. आत एक खोली, तिच्या भिंतीवर माथ्यालगत सिमेंटचा माळा, ज्यावर गणपतीची आरास, गावाकडची पिंपे आणि पाहुण्यांच्या गाद्या. मागे कडप्प्याचा स्वयंपाकाचा ओटा, त्याच्या कडेला मोरी. आणि मागच्या दाराबाहेर हातभर अंगण, जेथे कढीपत्ता आणि अळू हमखास असे. पेठेतल्या घराची मांडणी, ओटा ते परस, येथे आखडून पण क्रम न मोडता आली होती. मुंबईच्या चाळीतून खाडी ओलांडून आलेल्या कामगाराला आयुष्यात प्रथमच पायाखाली स्वतःची जमीन आणि डोक्यावर स्वतःचे आकाश मिळाले ते या घरात.

त्यानंतर जे घडले ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. कुटुंब वाढले, सुना आल्या, मुलांना अभ्यासाला जागा हवी झाली. आधी पुढच्या ओट्याला जाळी लागली, मग मागच्या अंगणावर पत्रा आला, पत्र्याचा स्लॅब झाला, आणि स्लॅबवर मजला चढला. यात कुणाचा अपराध नाही. वाढणे हा घराचा धर्मच आहे, आणि ज्यांनी घामाच्या पैशातून एकेक खोली जोडली त्यांच्या कर्तृत्वाचा मला आदर वाटतो. परंतु ओळीतल्या घराला दोनच तोंडे असतात, आणि ती दोन्ही बुजवली की मधली खोली कायमची काळोखी होते. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत, भिंतींना ओल धरते आणि पंखा तीच शिळी हवा फिरवीत राहतो. पनवेलच्या जुन्या गवंड्याने चौक आणि काचकौल ठेवून जे टाळले ते आपण सिमेंट आणि लोखंड हाती असताना ओढवून घेतले.

मुंबईने या चुकीची किंमत एकदा मोजली आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि खोल्यांत उजेड पोहोचावा म्हणून त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. या आकड्याचा अर्थ सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसतो. हजारो माणसे दगावल्यावर शिकलेला हा धडा एका शतकाच्या आत विसरला जावा, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

आपल्याच शहरात या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार केलेला आढळतो तो बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीमध्ये. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार असलेल्या चार्ल्स कोरियांनी त्याआधीच, १९६१-६२ साली, अहमदाबादेत गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी ओळीतल्या घराचा एक अपूर्व नमुना बांधला होता. सुमारे १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब असे ते नळीसारखे घर. आत खोल्यांना भिंती जवळजवळ नाहीत, जमिनीच्या पातळ्या बदलून खोल्या वेगळ्या केलेल्या. आणि उतरत्या छपराच्या माथ्याशी फट ठेवून तापलेली हवा वर काढून दिलेली. यंत्रावाचून घर थंड ठेवण्याचा तो प्रयोग होता. ते घर १९९५ साली पाडले गेले. पण त्यातला विचार १९८३ ते १९८६ या काळात पारसिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, बेलापुरात, अधिक परिपक्व होऊन अवतरला.

तेथे सुमारे साडेपाच हेक्टर जागेत साधारण ५५० कुटुंबांची सोय आहे, आणि तीही उद्वाहनावाचून, उंच मनोऱ्यावाचून. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. म्हणजे अल्प उत्पन्नाचा गृहस्थ आणि बऱ्या स्थितीतला गृहस्थ यांच्या जमिनीत फार अंतर पडू दिलेले नाही. सात घरांनी मिळून सुमारे आठ मीटर लांबीरुंदीचे एक अंगण वेढलेले. अशी तीन अंगणे मिळून २१ घरांचे सुमारे बारा मीटरांचे मोठे अंगण. अशा तीन समूहांचे त्याहून मोठे. आणि शेवटी सर्वांचे मिळून जेथून ओहोळ वाहतो ती वस्तीची मोकळी जागा. संडास दोन शेजाऱ्यांच्या हद्दीवर पाठीला पाठ लावून जोडीने बांधलेले, म्हणजे नळ व मलवाहिनीचा खर्च वाचावा. विटांच्या गिलावा केलेल्या भिंती आणि कौलारू छपरे इतकी साधी की गावचा गवंडी ती दुरुस्त करू शकेल व वाढवूही शकेल.

येथे कोरियांनी जी महत्त्वाची उलटापालट केली तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पेठेत भिंत सामाईक होती आणि चौक आपापला होता. बेलापुरात भिंत आपापली झाली आणि अंगण सामाईक झाले. घर शेजाऱ्याच्या भिंतीला बांधलेले नसल्यामुळे एकाने मजला चढविताना दुसऱ्याच्या तुळया उघड्या पडत नाहीत, आणि वाढीवरून तंटा होत नाही; पण सात घरांची दारे एकाच अंगणाकडे उघडत असल्यामुळे शेजार तुटतही नाही. वाढ होणार हे रचनाकाराने आरंभीच गृहीत धरले, आणि वाढीने काय गिळता कामा नये तेही आरंभीच ठरवून टाकले.

आज तेथे गेलात तर मूळची कौलारू घरे थोडीच आढळतील. पुष्कळांच्या जागी दुमजली-तिमजली पक्की घरे आली आहेत, कुठे संगमरवर, कुठे काच. वास्तुशास्त्राचे काही अभ्यासक हे पाहून हळहळतात. मला मात्र तेथे एक वेगळी गोष्ट दिसते. घरे बदलली, अंगणे टिकली. त्यांत अजून मुले खेळतात, गाड्या लागल्या तरी झाड उभे आहे, संध्याकाळी खुर्च्या बाहेर येतात. ज्या वस्तीची एकूण एक भिंत बदलली तरी जिचा स्वभाव बदलत नाही, तिचे जतन झाले असेच मी म्हणेन; आणि जेथे दर्शनी भाग जसाच्या तसा राखून मागचा चौक स्लॅबखाली गाडला गेला, तेथे काही जतन झाले असे मी मानणार नाही.

हीच आजच्या माझ्या सांगण्याची मुख्य गोष्ट आहे. ओळीतल्या घराचा प्राण त्याने न बांधलेल्या जागेत असतो. कोरीव हस्त, सागवानी खांब, मंगलोरी कौले यांचे मला प्रेम आहे, आणि पनवेलच्या पेठेत उरलेल्या घरांपैकी जी वाचविता येतील ती वाचवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक घर ओळीतून पाडले जाते तेव्हा शेजाऱ्याच्या भिंतीवर गेलेल्या घराचा उभा छेद उमटलेला दिसतो: कड्यांच्या टोकांची भोके, जिन्याची तिरकी रेघ, अर्धा कोनाडा, निळीच्या चुन्याचा एक चौकोन. पुढच्या पावसाळ्यात तेही धुऊन जाते. ते धुऊन जाण्यापूर्वी त्याची मापे घेणे, आराखडे काढणे, कोणती खोली कशासाठी होती हे तेथल्या वृद्ध स्त्रियांकडून विचारून टिपून ठेवणे, हे काम आपल्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. स्त्रियांकडून असे मी मुद्दाम म्हणतो, कारण खरेदीखतांत पुरुषांची नावे असली तरी फडताळ, मोरी आणि माळा यांचा खरा जाणकार त्याच घरातली गृहिणी असते.

परंतु नोंदी हे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे वाशी, नेरुळ, कोपरखैरणे आणि ऐरोली येथल्या ओळींत आज राहणाऱ्या गृहस्थांकडे आहे. आपण घर वाढविताना किंवा नव्याने बांधताना मागच्या अंगणाचा काही भाग उघडा ठेवावा. तो शक्य नसेल तर घराच्या मध्यावर, जिन्याच्या डोक्यावर, आकाशाकडे उघडणारी वाट ठेवावी. आणि ओळीतल्या सगळ्यांनी एकत्र बसून ही उघडी जागा एकमेकांस लागून येईल अशी आखावी, म्हणजे चार घरांच्या चार फटींचा मिळून एक धड चौक होईल. महापालिकेने आणि सिडकोने पुनर्बांधणीचे परवाने देताना चटईक्षेत्राचा जसा काटेकोर हिशेब होतो तसाच प्रत्येक मधल्या खोलीच्या उजेडाचा करावा. यासाठी नवा शोध लागावयास नको. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आहे, वीस वर्षांच्या वहिवाटीचा हक्क आहे, पनवेलचा चौक आहे आणि बेलापूरचे अंगण आहे. ज्ञान आपल्या दाराशी आहे. ते वापरण्याचा निश्चय तेवढा करावयाचा आहे.

श्रोतेहो, दाट वस्तीत राहणे हे आपल्या शहराचे प्राक्तन आहे, आणि त्यात दुःख मानण्याचे मला कारण दिसत नाही. भिंतीला भिंत लावून माणसे शतकानुशतके राहिली, आणि त्या सहवासातून त्यांनी शेजारधर्म, कायदा आणि सौंदर्य निर्माण केले. अट एवढीच होती की सामाईक ओझे वाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला उजेडाचा हिस्सा यावा. जमिनीचा भाव कितीही चढला तरी ही अट रद्द होत नाही. ज्या दिवशी आपल्या गृहनिर्माण संस्था पुनर्बांधणीच्या पहिल्या बैठकीत किती चौरस फूट मिळणार या प्रश्नाच्या जोडीला प्रत्येक खोलीतून आकाश दिसणार की नाही हा प्रश्न विचारतील, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आल्यावाचून सही करणार नाहीत, त्या दिवशी या शहराने आपल्या जुन्या घरांचा वारसा स्वीकारला असे मी समजेन.